ठळक ओळ

गुळाचे अडते शिवमूर्ती यांच्याच घरात गूळ बंद झाला होता. पोरगं सुटल्याची खबर येईस्तोवर गुळाचा खडा तोंडाला लावायचा नाही, असं त्यांच्या पत्नी शांतादेवी सिद्धेश्वराला बोलून बसल्या होत्या. पोरगं म्हणजे सोमेश, मालवाहू जहाजावरचा इलेक्ट्रिशियन. सोमालियाच्या चाच्यांनी जहाज धरलं, आणि कंपनीचं फोनवर एकच पालुपद, बोलणी चालू आहेत. बोलणी कसली डोंबलाची!

शेवटी सोमेशचा दोस्त धैर्यशील दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसला. जहाजांवरच्या हल्ल्यांचे अहवाल काढणारी एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिची फीड त्यानं जोडून दिली.

"काका, रोज साइटवर जाऊन हुडकत बसायचं न्हाय. त्यांनी नवा कागद टाकला की हितं आपोआप येतोय. नवा असला की ओळ ठळक, उघडून वाचला की बारीक."

शांतादेवींना इंग्रजीत ओ की ठो कळत नव्हतं. पण ठळक-बारीक ओळखायला इंग्रजी कशाला लागतंय? जहाजाचं नाव तेवढं त्यांनी सोमेशच्या टोपीवरून डोळ्यांत बसवून घेतलं. रोज लिंगपूजा उरकली की त्या दुकानात यायच्या. दुसऱ्या जहाजांच्या ओळी ठळक दिसायच्या, आपल्या जहाजाची मात्र जुनीच, बारीक. ती ठळक झाली की पोरगं सुटलं, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

एका सकाळी शिवमूर्तींनी कॉम्प्युटर लावला, तर त्या नावाची नवी ओळ ठळक होऊन वरच बसलेली. त्यांनी कागद उघडला. इंग्रजी बेताचंच, म्हणून दोनदा वाचला. भारतीय इलेक्ट्रिशियन गोळी लागून मरण पावला, असं त्यात होतं. जहाजावर इलेक्ट्रिशियन एकटाच असतो, हे सोमेशनंच मोठ्या ऐटीत सांगितलेलं.

तेवढ्यात शांतादेवी आल्या. "आजबी बारीकच हाय की."

वाचल्यामुळं ती बारीक झाली, एवढं सांगायचं होतं. पण शिवमूर्ती नुसतं "व्हय," म्हणाले. बाजारात सौद्याला गरजणारा माणूस, बायकोपुढं त्याचं पाणी पाणी झालं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या उद्याच्या आशेवर परत जायच्या, आणि हे गल्ल्यावर डोकं टेकून रडायचे.

मग कंपनीचा फोन आला. गुरुवारी मुंबईला पार्थिव येणार होतं.

आता झाकून भागणार नव्हतं. वाचलेली ओळ परत न वाचलेली करता येते, हे धैर्यशीलनं दाखवून ठेवलं होतं. आपल्या तोंडून निघत नाही ते हे यंत्रच सांगेल, अशी त्या भाबड्या माणसाची समजूत. त्यांनी ओळ ठळक केली आणि हाक मारली.

"अगं, जरा हिकडं ये."

शांतादेवी पिठाच्या हातानंच आल्या. पडद्याकडं बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला.

"आलं की! सुटलं न्हवं का माझं लेकरू?"

"अगं, ऐक..."

ऐकतंय कोण? नमुन्याला फोडून ठेवलेल्या गुळाच्या ढेपेचा खडा उचलून त्यांनी तोंडात टाकला. दुसरा नवऱ्याच्या ओठाशी धरला. "बोला मग. तोंड गोड करा आधी."

शिवमूर्तींनी तोंड उघडलं. जन्मभर ज्याचा धंदा केला, तो गूळ त्या दिवशी त्यांना जहर लागला. तो तोंडात विरघळायच्या आत त्यांना सांगावं लागलं.