माझ्या मापाचे काडतूस

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे, लिव्हरची. माझी नळी सरळ आहे, अंगावर गंजाचा ठिपका नाही, आणि तरीही मी थकले आहे. बसून येणारा थकवा काम करून येणाऱ्या थकव्यापेक्षा जड असतो. लांबलेल्या आजारपणात तुम्ही कधी खिडकीशी पडून राहिला असाल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. दुसरे महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. दस्त्याला अक्रोडाचे लाकूड, नळीला निळसर पोलाद, आणि चापाभोवती एक लोखंडी कडी. त्या कडीलाच लिव्हर म्हणतात. ती खाली ओढली की रिकामे नळकांडे बाहेर उडते, वर आणली की नवे काडतूस आत बसते. तपासणीला एक पिकल्या केसांची बाई होती. तिने माझी कडी पन्नास वेळा खाली-वर केली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, हिला लोणी चोपडलंय की काय!" माझ्या वाट्याला आलेले हे पहिले कौतुक.

मग माझ्या नळीवर माझे माप ठोकले गेले: बत्तीस. शेजारच्या फळीवर माझ्या बहिणी होत्या, त्यांचे माप तीस. तिसाच्या बहिणी सगळ्यांच्या लाडक्या. आम्ही बत्तीसच्या थोड्याच. दोन्ही नळ्या शेजारी ठेवल्या तर कुणालाही सारख्याच वाटतील. तिसाच्या भोकात आणि माझ्या भोकात नखाच्या जाडीएवढाही फरक नाही.

मला बिशेन्तेने घेतले. बिशेन्ते हा बास्क मेंढपाळ, स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या डोंगरातला. तरुणपणी समुद्र ओलांडून अमेरिकेत, नेवाडात आला आणि दुसऱ्याच्या मेंढ्या सांभाळता सांभाळता इथलाच झाला. उन्हाळ्यात उंच डोंगरात, हिवाळ्यात खालच्या कोरड्या माळावर. मी त्याच्या खेचराच्या पाठीवर, कातडी म्यानात. सोबत दुसरा मेंढपाळ, दुनिशी. हा फार बोलका. बिशेन्ते आठवड्यात जेवढे बोलायचा, तेवढे दुनिशी सकाळच्या कॉफीबरोबर बोलून मोकळा व्हायचा.

वीस-बावीस वर्षे मी त्यांच्याबरोबर राबले. कोल्ही हाकलली, एकदा कोकरांच्या मागे लागलेला पहाडी सिंह नुसत्या आवाजाने पळवला. बिशेन्ते उगाच गोळी झाडत नसे. झाडली की रिकामे नळकांडे उचलून कोटाच्या खिशात टाकायचा. डोंगरात पितळ टाकून यायचे नाही, ही त्याची सवय.

मग एका वसंतात डोंगर चढण्याआधी आम्ही टटलच्या दुकानात गेलो. टटल बंदुका विकायचा आणि दुरुस्तही करायचा. त्याच्यासमोर कारखान्याची नवी यादी उघडी होती.

"बस बिशेन्ते, कॉफी घे," टटल म्हणाला. "वाईट बातमी आहे."

"कोण गेलं?"

"तुझी बंदूक गेली."

बिशेन्तेने मला चाचपून पाहिले. "ही काय, इथेच आहे की."

"थट्टा नाही रे. कारखान्याने बत्तीसवर काट मारली. हे बघ. तीस चालू, बाकीच्या कितीतरी बंद. आता बत्तीसची एकही नवी निघणार नाही."

"का? काय खोट निघाली?"

"खोट कसली! खप नाही."

बिशेन्तेने यादी मिटली. "आणि काडतुसं?"

"ती अजून येतायत. पण बंदुकाच नाहीत म्हटल्यावर काडतुसं किती दिवस करतील? माझ्याकडे आहेत तेवढी घेऊन जा."

खोट नाही, तरी बंद. मित्रांनो, त्या दिवशी मी कुठे बिघडले नव्हते, तरी म्यानात शिरताना मला पहिल्यांदा म्हातारे झाल्यासारखे वाटले.

त्यानंतर बिशेन्ते काडतुसे जपू लागला. पूर्वी तो डोंगर चढण्याआधी चार-पाच गोळ्या झाडून हात आणि नळी दोन्ही तपासून घ्यायचा. आता ते थांबले. कोल्ह्यांसाठी डबा वाजवायचा, कुत्री सोडायचा. काही वर्षांनी माझी काडतुसेही बाजारात क्वचितच मिळू लागली. टटल दुकान विकून घरी बसला. आणि एका ऑगस्टमध्ये बिशेन्तेचा तंबाखूचा डबा उघडला, तेव्हा त्यात एकही काडतूस उरले नव्हते.

त्याची लेक एंग्रासी दर आठवड्याला ट्रकमधून शिधा घेऊन डोंगरावर यायची. बटाटे, घेवडा, लसूण, कुत्र्यांचे खाणे.

"पोरी, पुढच्या खेपेला काडतुसं आण," बिशेन्ते म्हणाला. "अस्वलाचे ठसे दिसलेत. बत्तीस सांग, विसरू नकोस."

"सांगते, बाबा."

"आणि त्या दुकानातल्या नव्या माणसावर भरवसा ठेवू नकोस."

"बाबा, तुमचा टटल सोडून जगात कुणावर भरवसा आहे?"

पुढच्या खेपेला तिने डबी आणून दिली. तिच्यावर तीस लिहिले होते. बिशेन्तेची नजर लांबचे अचूक टिपायची, समोरच्या कड्यावरची हरणे तो मोजून दाखवायचा. पण जवळची बारीक अक्षरे त्याला चष्म्याशिवाय दिसत नसत आणि चष्मा त्याला आवडत नसे. त्याने डबी फोडली आणि सहा काडतुसे माझ्या पोटात भरली. ती आत गेली. बसलीसुद्धा. पण मला ती माझी वाटली नाहीत. दुसऱ्याची चप्पल घातल्यावर पायाला कळते ना, तसे. सांगणार कशी? मला तोंड आहे, पण शब्द नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे दुनिशी ओढ्यावर पाणी आणायला गेला. झुडपात अस्वलाचे पिलू होते, ते त्याला दिसले नाही. आई पलीकडून आली. बिशेन्ते वर तंबूपाशी होता, सत्तर-एक पावलांवर. त्याने मला उचलले, खांद्याला लावले, श्वास रोखला. त्याचा हात हलला नाही, हे मी तुम्हाला शपथेवर सांगते. नळीच्या आत पीळदार खाचा असतात, त्या गोळीला फिरवत सरळ नेतात; गोळी सुटली, पण तिने ते वळण धरलेच नाही. ती खुळखुळत गेली आणि डावीकडे मातीत घुसली. दुसरी डोक्यावरून गेली. तिसरी कुठे गेली ते मलाही माहीत नाही. तोवर अस्वलाने दुनिशीला खाली पाडले होते.

मग बिशेन्ते ओरडत उतारावरून धावत सुटला. मला नळीकडून धरून त्याने अस्वलाच्या पाठीत हाणले. माझा दस्ता फुटला. कुत्री तुटून पडली आणि अस्वल पिलाला घेऊन निघून गेले.

दुनिशी वाचला. त्याचा उजवा हात मात्र वाचला नाही.

मेंढ्यांच्या मालकाने मुकादमाला पाठवले. तो बिशेन्तेच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "सत्तर पावलांवर तीन गोळ्या, बिशेन्ते. आणि एकही लागली नाही. डोळे गेले तुमचे. आता पुरे करा."

"खरंय," बिशेन्ते म्हणाला. एवढेच.

मला एंग्रासीच्या घरी दाराआड उभे केले. फुटलेल्या दस्त्याला तार गुंडाळलेली. बिशेन्ते त्याच घरात राहायचा, पण दोन वर्षांत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. दुपारी तो गावातल्या बास्क खानावळीत जेवायला जायचा. एंग्रासी शेजारणीला सांगताना मी ऐकायची: तिथल्या लांब टेबलावर दुनिशी मधोमध बसतो आणि बाबा अगदी टोकाला, स्वयंपाकघराच्या दाराशी. पाठ करून बसतात. दुनिशी हाक मारतो, तर ऐकू न आल्याचे सोंग करतात.

एकदा एंग्रासी बापाचा जुना कोट ठिगळासाठी उसवत होती. खिशातून तीन पितळी नळकांडी तिच्या मांडीवर पडली. तिन्हींची तोंडे चिरली होती. तिने ती उजेडाला धरली, तळावरचा आकडा वाचला आणि सुई तशीच ठेवून उठली. मला कांबळ्यात गुंडाळून तिने थेट टटलचे घर गाठले.

टटल आता काठी घेऊन चालत होता. त्याने नळकांडी पाहिली, मग माझी नळी पाहिली, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"हे कोणी भरलं हिच्यात?"

"दुकानात म्हणाले, बसतं."

"बसतं! मांजराच्या गळ्यात बैलाची घंटासुद्धा बसते! अगं, तिसाची गोळी बारीक. हिच्या नळीत ती सैल पडते, सरळ जाणार कशी? तुझा बाप सोड, ह्या काडतुसाने मी उभ्या आयुष्यात घराची भिंतसुद्धा टिपली नसती."

एंग्रासीने नळकांडी रुमालात बांधली. टटल आत गेला आणि हातात दोन काडतुसे घेऊन आला. माझ्या मापाची. त्याने आठवण म्हणून ठेवलेली. मग त्याने माझा दस्ता दोन खिळ्यांनी घट्ट केला.

खानावळीत जेवणे चालू होती. लसणाचे सूप होऊन कोकराचे मांस वाढले गेले होते. एंग्रासी मला घेऊन आत आली तशा सगळ्यांच्या माना वळल्या. तिने नळकांडी बापाच्या ताटाशेजारी ठेवली.

"बाबा, चूक तुमच्या डोळ्यांची नव्हती. काडतुसं तिसाची होती. मी आणली होती."

बिशेन्तेने नळकांडे उचलून बोटांनी चाचपले. "तुला माहीत होतं?"

"आकडा वेगळा आहे एवढं दिसलं होतं. तो माणूस बसतं म्हणाला. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला परत साठ मैल पाठवलं असतं. म्हणून गप्प बसले." ती दुनिशीकडे वळली. "काका, तुमचा हात माझ्यामुळे गेला."

बिशेन्ते म्हणाला, "भरली मी. वाचलं मी नाही. चष्मा खिशातच होता."

तेव्हा टेबलाच्या मधून दुनिशीचा आवाज आला. "थांबा जरा. म्हणजे दोन वर्षं मी ह्या थेरड्याला रोज मनातल्या मनात माफ करतोय, ते सगळं फुकट गेलं?"

कुणीतरी हसले. मग दुनिशी स्वतःच हसू लागला, आणि हसता हसता त्याने डाव्या बाहीने डोळे पुसले. "पोरी, रडू नकोस. हात अस्वलाने खाल्ला, तू नाही. आणि तुझा बाप बंदुकीची नुसती काठी करून अस्वलावर धावला, ते ह्या गावात कुणी बोलतं का?"

बिशेन्ते उठला. तो मला घेऊन मागच्या माळावर आला, सगळी खानावळ त्याच्या मागे. शंभर पावलांवरच्या कुंपणाच्या खांबावर कुणीतरी टोमॅटोचा रिकामा डबा ठेवला. बिशेन्तेने टटलचे एक काडतूस माझ्यात भरले. किती वर्षांनी माझे काही माझ्यात आले होते! गोळीने नळीचे वळण धरले आणि सरळ गेली. डबा खांबावरून उडाला.

"दुसरं?" एंग्रासीने विचारले.

"ते टटलला परत दे. पुरे झालं."

आत सगळ्यांचे जेवण गार झाले होते. बिशेन्तेने टोकावरचे आपले ताट उचलले आणि दुनिशीच्या उजव्या बाजूला जाऊन बसला. त्याने दुनिशीचे ताट पुढे ओढले आणि त्यातल्या मांसाचे लहान लहान तुकडे करू लागला.

"एवढे बारीक नको रे," दुनिशी म्हणाला. "दात आहेत मला अजून."

मित्रांनो, बिशेन्तेला मेंढ्या परत मिळाल्या नाहीत. पुढची पाच वर्षे त्याने रोज दुपारी ते मांस कापले, मग तो गेला. माझे काडतूसही परत आले नाही. खप नसलेली वस्तू बंद होते, त्याला इलाज नाही, आणि माझा कुणावर राग नाही. पण वस्तू बंद झाली तरी ती कुणाच्या ना कुणाच्या हातात चालूच असते. तिला काय लागते हे एकाने तरी लक्षात ठेवावे. आणि एखाद्या जुन्या माणसाला 'आता तुम्हाला जमत नाही' म्हणण्याआधी, आपण त्याच्या हातात काय दिले होते, तेवढे एकदा उजेडात धरून पाहावे. मुक्या वस्तूंना हे सांगता येत नाही. बिशेन्तेसारख्या माणसांनाही येत नाही.

एवढे बोलून मी दमले. आता एंग्रासी मी रिकामी आहे ना ते पाहून, तेल लावून, पुसून मला कपाटात ठेवील. कुलूप नीट लागले का, तेवढे बघा.