स्पर्शगुरूंचा डावा हात

रुग्णालयाच्या नोंदणी कक्षात खिडकीबाहेर पेशंट ताटकळत होते आणि आत साहेबांसकट सात माणसं डोळे मिटून उभी होती. मधोमध रुग्णालयाची वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरचा खोका. त्याच्या माथ्यावर साहेबांनी बोलावलेल्या स्पर्शगुरूंचा उजवा हात, डावा कुठेतरी मागे.

"यंत्रालाही मन असतं. ते रुसलंय," गुरू म्हणाले. "डोळे उघडाल तर ऊर्जा फुटेल!"

पाच मिनिटांनी डोळे उघडायची परवानगी मिळाली आणि काय नवल! 'डेटाबेसशी संपर्क होऊ शकत नाही' असं म्हणून हटून बसलेली वेबसाइट सुतासारखी सरळ झाली होती. रोखपालाने तर खोक्यालाच हात जोडले.

"रोज अकराच्या सुमाराला बंद पडते ना? सकाळच्या पाळीत?" गुरूंनी प्रोग्रामर ताईकडे बोट दाखवलं. "या बाईंची छाया जड आहे. हलवा यांना."

साहेबांनी तिथल्या तिथे मान डोलावली. सोमवारपासून ताईची रवानगी तळघरात, जुन्या फायली लावायला. रात्रंदिवस अभ्यास करून मिळवलेलं काम छायेपायी गेलं! ताईला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी ती नऊलाच आली आणि डेटाबेसची किती कनेक्शनं उघडी आहेत, तो आकडा पडद्यावर लावून बसली. चार होती. मग साहेब आले, खुर्चीत टेकले आणि नेहमीप्रमाणे 'आजचे पेशंट' हे पान उघडून मिनिटाला एकदा रिफ्रेश करू लागले. अकराला बैठकीला जाईपर्यंत त्यांचा हाच उद्योग असे. आकडा पाच झाला. सहा, सात, आठ.

ताईने त्या पानाचा कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. साहेबांनी घाई केली म्हणून ते पान तिनेच अर्ध्या दिवसात उरकलं होतं. गुपचूप दुरुस्त करावं, तर श्रेय गुरूंना आणि तळघर तिला. ती गुरूंची वाट पाहत थांबली.

पावणेअकराला वेबसाइट बंद पडली. गुरू हजर झाले.

"गुरुजी, आज दोन्ही हात वर ठेवा," ताई म्हणाली. "आणि आम्ही डोळे उघडे ठेवतो."

"श्रद्धेशिवाय फळ नाही, बाई."

"रुसलंय यंत्र. श्रद्धा आमची कशाला हवी?"

रोखपाल फिसकन हसला. साहेबही म्हणाले, "ठेवा की, गुरुजी. काय बिघडलं?" दोन्ही हात खोक्यावर आले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गुरूंना घाम फुटला, खोका मात्र ढिम्म. मग ताईने खोक्यामागे हात घालून एक बटण दाबलं. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि वेबसाइट चालू लागली.

"माहिती मागताना पान डेटाबेसशी एक कनेक्शन उघडतं," ताई म्हणाली. "काम झालं की ते बंद करायचं असतं. एका वेळी चालतात शंभर. साहेबांच्या पानाचं एकही बंद होत नव्हतं. यंत्र बंद केलं की सगळी सुटतात. बटण कुणाच्याही बोटाने दबतं."

"म्हणजे मीच रोज...?" साहेबांचा आवाज खाली आला.

"नाही साहेब. बंद करायची ओळ लिहायची मीच विसरले. चूक माझी."

तिने सगळ्यांसमोर ती ओळ लिहिली. साहेबांनी तीसदा रिफ्रेश केलं. आकडा चारावरच राहिला. तोवर स्पर्शगुरूंनी काढता पाय घेतला होता. सोमवारी ताई आपल्याच खुर्चीवर बसली.

वाचकहो, काही बंद पडलं तर हात जोडण्याआधी मोजून पाहा, विचारून पाहा, मागे काय चाललंय ते बघा. ताईची चूक एका ओळीत दुरुस्त झाली. छाया जड ठरवलेल्या माणसाने दुरुस्त तरी काय करायचं?