फुललेली बाग

गुलचेहराने गाडी बागेच्या मातीच्या कुंपणाशी थांबवली आणि वडिलांना हाताला धरून खाली उतरवलं. मिर्झोशरीफ काठीने जमीन चाचपत उभे राहिले. टेकडीवरून वारा आला तशी त्यांनी डोक्यावरची टोपी सावरली.

वसंतातला नवरोजचा सण झाल्या झाल्या त्यांनी इस्फाराच्या घरून फोन केला होता. "पोरी, जर्दाळू फुललाय. डोळ्यांना थोडं दिसतंय तोवर एकदा दाखवून आण."

खुजंद शहरातल्या तिच्या शिवणाच्या दुकानात तेव्हा लग्न ठरलेल्या मुलींची रीघ लागली होती. "येते बाबा, शुक्रवारी," ती म्हणाली. मग पुढच्या शुक्रवारी. मग एका बड्या घरच्या लग्नाचे पोशाख आले. भावजय सबोहत त्यांना न्यायला तयार होती, पण गुलचेहरा येणार आहे म्हणून म्हातारा हटून बसला.

आज दारातच सबोहतने तिला बाजूला घेतलं होतं.

"वन्सं, परवापासून त्यांना माझा चेहराही दिसत नाही. नुसता उजेड कळतो. 'गुलचेहराला सांगू नकोस, ती कामात असते,' असं म्हणाले."

आणि आता समोर बाग उभी होती, हिरवीगार. पाकळ्या केव्हाच गळून मातीत मिसळल्या होत्या.

"आहे का गं फुलोरा?"

तिने हिरव्या फांद्यांकडे पाहिलं.

"आहे ना बाबा. भरगच्च आहे."

"खालच्या फांद्यांना पण?"

"सगळीकडे. नुसतं पांढरं पांढरं दिसतंय."

ते हसले. काठी तिच्या हातात देऊन, दोन्ही हात पुढे करत झाडापाशी गेले. बोटं फांदीवरून सरकली आणि एका जागी थबकली. हरभऱ्याएवढं, लव असलेलं हिरवं फळ त्यांच्या चिमटीत आलं होतं. ते कितीतरी वेळ त्याला गोंजारत राहिले. तोडलं मात्र नाही.

"खरंच गं," ते म्हणाले, "यंदा फारच फुललाय." मग तिच्या दिशेने हात पुढे केला. "चल. तुला परतायला उशीर होईल. पोरी खोळंबल्या असतील तिकडे."

तिने त्यांचा हात धरला आणि झाडाखालच्या गवतावर त्यांना बसवलं. स्वतःही शेजारी बसली.

"नाही होत उशीर, बाबा."

म्हातारा तोंड उन्हाकडे करून बसून राहिला.