सरांनी न खेळलेला खेळ

दोष सरांचा. आधीच सांगून टाकतो, कारण या घरात ते कुणी बोलून दाखवत नाही. मला कुठे त्यांच्या क्लासला जायचंय? मी एक माऊस. नाव उंदराचं, मागे शेपूटही आहे, पण आजवर कुणाचं काही कुरतडलेलं नाही.

सरांच्या मुलाने मला आणलं तेव्हा तो कॉलेजात होता. पुढे कॉलेज सुटलं, मी सुटलो नाही. पोरगं दिवसभर माऊस घासत बसतं, असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. घासतच होता. घासून घासून त्याने एक अख्खा खेळ बनवला.

खेळ छोटासाच. पडद्यावर एक घर, आपणच त्यात चालतोय असं दिसणारं, आणि दर दाराचं कोडं निराळं. एक दार पाठ फिरवली की उघडतं, एक छताकडे बघत चाललं की. शेवटच्या खोलीत तर काहीच करायचं नसतं. माझ्यावरचा हात काढायचा आणि गप्प बसायचं. मग मुलाचा आवाज येतो. तो रेकॉर्ड केला तेव्हा मी शेजारीच होतो.

“बाबा, इथवर आलात ना, मग मी जात नाही. इथेच राहून काम करतो, तुमच्या क्लासचंही बघतो. फक्त कॉलेजचं नाव काढू नका.”

त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली होती. निघण्याआधी त्याने सरांकडे एवढंच मागितलं, की माझा खेळ एकदा स्वतः खेळा. सर हो म्हणाले.

आता सरांचा धंदाच तयार उत्तरांचा. प्रश्न कळला नाही तरी चालेल, उत्तर पाठ पाहिजे. त्यांनी खुर्चीत बसवलं मामांना, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, जे क्लासचं ऑफिस सांभाळतात. स्वतः मागे पेपर तपासत बसले. हात कुणाचा ते माऊसला कळतं हो. मामांचा तळवा कायम घामट. पण गडी रमला. दार उघडलं की खुर्चीतच उडी मारायचा. शेवटच्या खोलीत मात्र त्याने मला बदडून काढलं.

“दाजी, हे काही उघडेना. जरा थांबून बघू?”

“शेवट काय, सगळ्यांचा सारखाच. बंद कर.”

मुलगा घरी आल्यावर सर म्हणाले, पूर्ण केला, छान जमलाय.

“शेवटी काय ऐकलंत, बाबा?”

सरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी पंख्याकडे.

“संगीत,” सर म्हणाले. “संगीत फार छान होतं.”

मुलगा ‘बरं’ म्हणाला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने बॅग भरली, कॉम्प्युटर नेला. मला ठेवून गेला, कारण मामांच्या बदडण्याने माझं डावं बटण ढिलं झालं होतं.

हल्ली मी क्लासच्या ऑफिसात असतो. चार वेळा दाबल्यावर एकदा ऐकतो. समोर बसलेल्या पालकांना सर सांगतात, गेममुळे माझा मुलगा वाया गेला. पालक माना डोलावतात. मला त्यांना ओरडून सांगावंसं वाटतं, पोराने काही दाखवायला आणलं तर स्वतः बसा, दुसऱ्याला बसवू नका. पण माझा आवाज म्हणजे नुसती टिकटिक.

मुलगा परत आला नाही. फोन करतो तो मामांना. सरांशी बोलत नाही.