धुरपदाबाईची आखाजी

मित्रांनो, मला पालथं बसलेलं पाहून हसू नका. मी एक जुनं खापर आहे, आणि माझं कामच पालथ्यानं चालतं. पोटाखाली जाळ घालायचा, पाठ तापली की तिच्यावर पुरणाचा मांडा टाकायचा. बस, एवढीच माझी विद्या.

अमळनेरकडच्या एका कुंभारानं मला घडवलं आणि धुरपदाबाईनं लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन रेल्वेनं सुरतेला आणलं. डब्यातल्या बायांना ती सांगायची, "पोरगं झोपलंय, धक्का लावू नका."

सुरतेतल्या नवागामला तिचा लेक लोटू कापडाच्या लूमवर कामाला होता. खोलीच्या दारापुढं चूल मांडली. धुरपदाबाई पोळी हातावर फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायची. एकदा वारा सुटला आणि मांडा उडाला तो थेट बमरोलीत जाऊन पडला. तिथल्या मिलच्या अख्ख्या पाळीनं त्या दिवशी डबे उघडलेच नाहीत. माझ्या पाठीवरून उडाला, मला ठाऊक नसेल तर कुणाला?

सुरतेतली प्लेगची धावपळ संपली, त्यानंतरच्या थंडीत धुरपदाबाई दारातच कोसळली. गुजराती डॉक्टर आले, तपासलं, आणि लोटूला बाहेर माझ्याजवळ आणून हळूच म्हणाले, "हार्ट थकलंय. होळीपर्यंत राहिल्या तरी खूप."

हार्ट थकलं असेल, कान नव्हते थकले. आतून आवाज आला, "डॉक्टरसाहेब, होळीला नका येऊ. आखाजीला या. मांडे नि आमरस."

"आखाजी एटले शुं, माजी?"

"तुमची अखात्रीज. पोट रिकामं ठेवून या."

डॉक्टर हसले, पण लोटूकडे न बघता गेले.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. शेजारची कलाबाई धुरपदाबाईच्या सुनेला, म्हणजे उज्ज्वलाला, म्हणाली, "यंदा यांचीच घागर भरावी लागेल बघ. हे खापर आता कोण वापरतं? मला दे, कोंबडीला पाणी ठेवीन."

मित्रांनो, भट्टीत नव्हता फुटला एवढा घाम मला तेव्हा फुटला.

"कले," आतून धुरपदाबाई म्हणाली, "कोंबडीला सांग, आखाजीपर्यंत दम धर. मला मांडे करायचेत."

आता ती नुसती म्हणत पडली असती, तर माझं कोंबडीचं भांडं झालंच असतं. पण तिनं उज्ज्वलानं दिलेल्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या. अळणी भाजीला रोज नावं ठेवली आणि रोज संपवली. पहिल्या आठवड्यात ती दारापर्यंत आली. मग माझ्यापर्यंत आली, पाठीवर थाप मारून बघितली, म्हणाली, "टणक आहेस." मग नळापर्यंत. मग कलाबाईच्या दारापर्यंत, कोंबडीची चौकशी करायला.

होळी झाली आणि दोनच दिवसांनी तिला दम लागला. बोलता येईना. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले. लोटू उशाशी बसून रडायला लागला. तिनं एक डोळा उघडला.

"गहू आणले का?"

"माय, आता कसले गहू?"

"मांड्यांचे. बारीक दळायला सांग. जाड आलं तर पोळी फाटते."

लोटू डोळे पुसून उठला आणि गहू आणून चक्कीवर गेला. त्या पिठाच्या डब्यानं घर बदललं. उज्ज्वला पीठ चाळायला बसली. कलाबाई कैऱ्या कधी पिकतील ते बोलायला लागली. मरणाचं कुणी बोलेचना, कामंच तेवढी होती. महिन्यानं डॉक्टरांनी छातीला नळी लावली तर आतून पाट्यावर डाळ वाटल्यासारखा दणदणीत आवाज आला, आणि त्यांचे कान दोन दिवस वाजत होते.

आखाजीला घागर भरली ती तिच्या नवऱ्याच्या नावानं. डॉक्टर खरंच आले. धुरपदाबाई चुलीपुढं बसली. पोळी मनगटावर आली, कोपरावर आली, मध्ये जराशी पातळ झाली. उज्ज्वला म्हणाली, "आत्याबाई, मी घेऊ?"

"तू रस वाढ."

आणि मांडा माझ्या पाठीवर पडला. अख्खा. न फाटता. एवढा मोठा, की माझी पाठ दिसेना, चूल दिसेना आणि कलाबाईचं तोंडही पाच मिनिटं दिसलं नाही.

डॉक्टर तीन मांडे जेवले. निघताना म्हणाले, "माजी, मारी भूल थई."

"होऊ द्या," ती म्हणाली, "पुढच्या आखाजीला घरच्यांना घेऊन या."

ते सलग चार वर्षं आले. पाचव्या वर्षी डॉक्टरांनाच साखरेचा आजार निघाला. तोंड पाडून बसले, म्हणाले, आता कसले मांडे. धुरपदाबाईनं त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "रोज सकाळी पायी इथपर्यंत या. गोळ्या चुकवू नका. आखाजीला अर्धा मांडा माझ्याकडून. अर्ध्याहून जास्तीचा हट्ट केला तर तोही उज्ज्वला खाईल." आता ते रोज सकाळी येतात, घामाघूम, आणि ती त्यांची नाडी बघते.

तर मित्रांनो, घरात कुणी आजारी असेल तर औषध वेळेवर द्या. आणि जवळ बसून विचारा, पुढच्या सणाला काय करायचं? ते सांगतील ते सामान खरंच आणून ठेवा.