आबासाहेबांचा खुराक

भवानीनगरच्या पुढे मळ्यात राहणाऱ्या आबासाहेबांनी तालीम सोडल्याला जमाना झाला होता, पण तालमीतला खुराक काही सोडला नव्हता. रोज सकाळी ओट्यावर बसायचं, घरच्या कोंबडीची दोन कच्ची अंडी पेल्यातल्या दुधात फोडायची, एका दमात घशाखाली सोडायची आणि मिशीवरून पालथी मूठ फिरवायची. रस्त्यानं जाणाऱ्यानं ते बघितलं नाही, तर तो दिवस फुकट. अशा माणसाला कोण काय सांगणार?

सुनेला मात्र सांगणं भाग होतं. तालुक्यातल्या एका पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मेल्या, बर्ड फ्लूचं निदान झालं आणि आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर सांगत फिरली. घाबरून जाऊ नका, अंडी-चिकन खा, पण चांगलं शिजवून खा. कच्चं अंडं मुळीच नको. वृषाली बारामतीची शिकलेली पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिनं ते सगळं मनावर घेतलं. कच्ची कोंबडी कापायची सुरी वेगळी केली, खुराड्यात हात घातला की सासूला साबणानं हात धुवायला लावले. धोंडाबाई कुरकुरत का होईना, ऐकत होत्या. आबांच्या अंड्यांचा विषय निघाला, की मात्र त्या म्हणायच्या, त्या वाटंला तू जाऊ नगं.

पण वृषालीचा आबांवर जीव होता. तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते, आणि इथे आबा बाजारातून येताना तिच्यासाठी न विसरता भेळेचा पुडा आणायचे. शेवटी एका संध्याकाळी तिनं टोपलीतली होती नव्हती ती सगळी अंडी उकडली आणि गार करून परत टोपलीत ठेवली. सकाळी चहाच्या वेळी धीर करून आबांना सांगायचं, असा बेत होता.

आणि सकाळी चहाच्या आधीच दादासो येऊन टेकले. इंदापूरचे दादासो म्हणजे आबांचे तालमीतले जोडीदार आणि जन्माचे वैरी. ऐन जवानीत दोघांची कुस्ती बरोबरीत सुटली होती, तिचा निकाल दोघं अजून लावत होते. कुणाचे दात शाबूत आहेत, कुणाला जिना चढताना धाप लागत नाही. वृषाली गोठ्यात होती तेवढ्यात आबांनी स्वतःच टोपली उचलली, दुधाचे दोन पेले भरून घेतले आणि ओट्यावर मांडी ठोकली.

ती दारात पोचली तेव्हा उशीर झाला होता. आबांनी पेल्याच्या काठावर अंडं हाणलं. काही गळेना. पुन्हा हाणलं. मग अंगठे घालून कवच फाकवलं, तसं अख्खं अंडं सुळकन निसटून दुधात पडलं आणि दूध दादासोंच्या सदऱ्यावर उडालं. दादासो वाकून पेल्यात बघू लागले. धोंडाबाईंनी पदर तोंडाला लावला, तो भीतीनं की हसू दाबायला, ते त्यांनाच ठाऊक.

पाव्हण्यासमोर सासऱ्याची फजिती करणारीला घरात काय किंमत राहते, हे वृषालीला कळत होतं. तरी ती बाहेर आली.

“आबा, मी उकडलीत. सगळी,” ती म्हणाली. “रोगाची साथ हाय, कच्चं नको. तुमी रागवा, बोलू नका माझ्याशी, पण मला तुमी धडधाकट पायजे. एक बाप गेलाय माझा, दुसरा न्हाय घालवायचा मला.”

आबा बोटानं पेल्यातलं अंडं ढकलत बसले. दादासोंनी गुपचूप टोपलीतलं एक अंडं घेऊन सोलायला सुरुवात केली.

“आबासाहेब, खरं सांगू का?” ते हळूच म्हणाले. “मला कच्च्या अंड्याची पयल्यापासनं शिसारी हाय. दिसभर पोटात ढवळतं. पर तू पितूस म्हणून पीत आलो. म्हटलं, आपुन सोडलं तर ह्यो जितला.”

आबांनी पेला खाली ठेवला.

“आरं, वास तर मलाबी सोसत न्हाय,” ते म्हणाले. “तू सोडायची वाट बघत हुतो.”

मग दोघंही खाली मान घालून अंडी सोलत बसले. आबांनी मीठ-तिखट मागितलं, दुधातलं अंडंसुद्धा वाया जाऊ दिलं नाही. वृषाली ताटली ठेवून आत वळली, तशी आबांनी हाक मारली.

“पोरी, तू ह्या घरात लई उशिरा आलीस. तरणाताठा हुतो, तवाच कुणीतरी असं आडवं यायला पायजे हुतं.”