न आलेल्यांचे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. जुना आहे, मोडीत निघालेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यातून आलो तो थेट विमानतळावर, काउंटरच्या शेजारी. तेव्हाचा विमानतळ गावाला अगदी चिकटून होता. माणसे रिक्षाने दहा मिनिटांत येत. शिवणकाम करणारी एक मावशी दर महिन्याला लेकीकडे जायची. तिची पिशवी नेमकी अकरा किलोची. "हा मेला कधी चुकत नाही हं," असे ती काउंटरवरच्या ताईला म्हणायची. मी मनातून फुगायचो.

मग विमानतळ साठ किलोमीटर लांब गेला, आणि त्याच्याबरोबर ताई आणि मीही. इमारत ऐसपैस, पण तिथवर बस नाही. मावशी एकदाच आली. घाम पुसत म्हणाली, "अगं, विमानाचं तिकीट परवडतं, विमानापर्यंत यायचं परवडत नाही. टॅक्सीवाल्यानं तिकिटाएवढेच घेतले. लेकीला म्हटलं, आता फोनवरच भेटू." पुढच्या महिन्यात ती आली नाही. तिच्यासारखे कितीतरी आले नाहीत. माझा काटा तासन्‌तास शून्यावर राहू लागला.

दुपारचे विमान बंद करायचे का, हे ठरवायला विमानसेवेच्या साहेबांनी पाहणी केली. एक माणूस कागद घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि येईल त्याला विचारू लागला, "इथं यायला काही त्रास?" आपापल्या कंपनीच्या गाडीतून उतरलेले म्हणाले, "छे, मुळीच नाही." झाले! येण्याचा त्रास नाही, तरी माणसे येत नाहीत, म्हणजे गावाला विमानाची हौसच नाही, असे ठरले. माझ्यावरही 'गरज नाही' अशी चिठ्ठी चिकटवली. मला भयंकर राग आला, खोटे कशाला बोलू?

ताईचा तर पाराच चढला. "साहेब, पोचले त्यांनाच विचारलंत. जे आलेच नाहीत, त्यांना कोण विचारणार?"

"ते इथं कुठं सापडणार?" साहेब हसले.

ताईने उरलेले कोरे कागद उचलले आणि आपल्या चार सुट्ट्या गावात दारोदार घालवल्या. पहिले दार मावशीचे. मग एके सकाळी तिने साहेबांसमोर एक गठ्ठा माझ्यावर धपकन ठेवला. मी चिठ्ठीसकट ताठ उभा होतो. साडेतीन किलो.

"हे न आलेल्यांचं सामान," ताई म्हणाली. "वाचा."

वरचाच कागद मावशीचा होता. 'बस द्या, मी उद्या येते.' साहेबांनी तो वाचला, मग त्याखालचा, मग त्याखालचा. विमान बंद करण्याचा हुकूम त्या दिवशी निघाला नाही.

मित्रांनो, मला नवा रंग नको, तेलपाणी नको. गावातून इथवर एक बस द्या. तोवर हव्या तेवढ्या चिठ्ठ्या चिकटवा, मी जागचा हलणार नाही. ती अकरा किलोची पिशवी मला पुन्हा तोलायची आहे.